तिघांनीही पाहिले
(शास्त्रभाग : लूक १०:२५–३७)



चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत आपल्या मंडळ्यांतील लेकरांसही तोंडपाठ आहे. आम्ही सेमिनरीत असताना हा भाग मूळ ग्रीक भाषेतून वाचला, तेव्हा आमच्या गुरुजींनी त्यातील एका शब्दावर बोट ठेवले होते. याजकाने त्या घायाळ मनुष्यास पाहिले, लेव्याने पाहिले, आणि शोमरोन्यानेही पाहिले. तिघांच्या पाहण्याला लूकाने एकच शब्द योजला आहे. म्हणजे पहिल्या दोघांना तो मनुष्य दिसलाच नाही असे नव्हे. डोळे तिघांचेही शाबूत होते. ही गोष्ट आम्ही परीक्षेच्या कागदावर बरोबर लिहिली व गुण मिळविले. परंतु तिचा अर्थ आम्हांस पुष्कळ वर्षांनी, परवा आश्विन महिन्याच्या आरंभी, सहलीच्या एका बसमध्ये बसलो असता कळला. तो आपणांस सांगावा, आणि त्यात आमचा जो दोष दिसून आला तोही झाकून ठेवू नये, म्हणून हे लिहितो.

कोथरूड येथील आमच्या मंडळीने दोन दिवसांची कोकणची सहल ठरविली होती. लहानमोठे धरून आम्ही त्रेचाळीस जण होतो. एक तरुण वाटाड्या सोबत मिळाला होता. वाटेत काय पाहावे, कोठे उतरावे, कोठे जेवावे हे सर्व तोच सांगणार होता. कर्वे पुतळ्यापाशी पहाटे बस उभी राहिली, प्रार्थना झाली, वाटाड्याने आमची डोकी मोजली, आणि बस चांदणी चौकातून पौड रस्त्यास लागली.

त्या तरुणाविषयी प्रथम चांगले तेच सांगितले पाहिजे. तो आपल्या कामात चोख होता. चहासाठी गाडी थांबो की धबधब्यापाशी थांबो, पुन्हा निघण्यापूर्वी तो आतून एक फेरी मारून त्रेचाळीस आकडा भरल्याशिवाय ड्रायव्हरला खूण करीत नसे. एकदा एक मुलगा मागे राहिला, तर हा गाडी थांबवून धावत जाऊन त्याला घेऊन आला. हरवलेल्या मेंढराचा दृष्टांत आम्हांस आठवला, आणि पुढील रविवारी हेच उदाहरण सांगावे असे आम्ही मनात टिपूनही ठेवले.

मुळशीचा जलाशय आला. पाऊस नुकताच ओसरलेला असल्यामुळे पाणी काठोकाठ भरले होते आणि डोंगरांची छाया त्यात पडली होती. वाटाड्या म्हणाला, “तिकडे पाहा, किती सुंदर तळं!” सर्वांनी तिकडे पाहिले व छायाचित्रे घेतली. आमच्यापैकी कित्येकांना ठाऊक होते की, हे धरण टाटांच्या वीजकंपनीने बांधले, त्यासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, आणि १९२१ सालापासून सेनापती बापट व इतर पुढाऱ्यांच्या मागे मावळच्या गरीब लोकांनी सत्याग्रह केला. तो सत्याग्रह यशस्वी झाला नाही. भाताची खाचरे, घरे व चुली पाण्याखाली गेल्या. हे सर्व ठाऊक असूनही त्या वेळी कोणी बोलले नाही. वाटाड्याही बोलला नाही. सहलीच्या दिवशी बुडालेल्या गावांची आठवण कशाला काढावी, असे आम्हां सर्वांस वाटले असावे.

पुढे ताम्हिणी घाट लागला. सोनकीच्या पिवळ्या फुलांनी दोन्ही बाजूंचे उतार भरून गेले होते, आणि कड्यांवरून पाण्याच्या उरल्यासुरल्या धारा अजून उतरत होत्या. त्या उतरणीवर आम्हांस यरीहोची वाट आठवली. यरुशलेम डोंगरावर आहे, तर यरीहो समुद्रसपाटीच्याही खाली आहे. सोळासतरा मैलांत ती वाट तीन हजार फुटांहून अधिक खाली उतरते. म्हणून दृष्टांतातील मनुष्य यरीहोस ‘खाली’ जात होता असे प्रभूने सांगितले. तो एक घाटच होय. घाटातला प्रवासी पुढच्या मुक्कामाकडे डोळे लावून असतो. वाटेत पडलेला माणूस त्याला मुक्कामाआड येणारी अडचण वाटतो. हे विचार आम्ही मोठ्या आनंदाने करीत होतो. परंतु तो दृष्टांत पुढील तासाभरात आमच्यावरच येणार आहे हे आम्हांस समजले नव्हते.

घाट उतरून निजामपूर मागे टाकले आणि माणगावच्या बाजूस निघालो, तो दोन्हीकडे भाताची शेते लागली. आपणांपैकी जे भात पिकवितात त्यांना हा काळ कसा असतो हे सांगावयास नको. हळवे भात पिकून कापणीस आले होते, गरवे अजून हिरवे होते, आणि परतीचा पाऊस कोणत्याही दुपारी येईल अशी स्थिती होती. रस्त्यालगतच्या एका खाचरात भात कापून कडपे वाळत घातलेले होते. दक्षिणेकडून काळे आभाळ चढत होते. एक पुरुष, त्याची बायको व दहाबारा वर्षांची एक मुलगी, असे तिघे धावत धावत ते कडपे गोळा करून भारे बांधीत होते आणि बांधावर ताडपत्रीखाली नेऊन टाकीत होते. रान मोठे होते व हात सहाच होते.

वाटाड्याने कर्ण्यातून सांगितले, “उजवीकडे पाहा, कोकणातील भातकापणी.” बस जरा हळू झाली. सर्वांनी उजवीकडे पाहिले. काचेला लावून छायाचित्रे घेण्यात आली. कोणी म्हणाले, “काय देखावा आहे!”

आमच्या मागच्या आसनावर मंडळीतील एक वृद्ध विधवाबाई बसल्या होत्या. त्यांचा जन्म खेड्यातला, आणि तरुणपणी त्यांनी दुसऱ्यांच्या शेतांवर मजुरी केलेली. त्या आमच्या खांद्याला हात लावून म्हणाल्या, “पाद्रीसाहेब, गाडी जरा थांबवायला सांगा. आपण एवढी माणसं आहोत. अर्ध्या तासात त्यांचं भात निघंल.”

बंधूंनो, आम्ही काय उत्तर दिले ते ऐका. आम्ही घड्याळाकडे पाहिले आणि म्हणालो, “आजी, दिवेआगरला जेवण सांगून ठेवलं आहे. उशीर होईल.” ते खोटे नव्हते. याजकाला आणि लेव्यालाही काही खरी कारणे असतील. त्या बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी मान वळविली आणि मागच्या काचेतून शेत दिसेनासे होईपर्यंत त्या पाहत राहिल्या. म्हसळ्याच्या अलीकडे पावसाने आम्हांस गाठले, आणि तो असा कोसळला की ड्रायव्हरला समोरचे दिसेना. बसमध्ये गाणी चालली होती. बाई मात्र एवढेच म्हणाल्या, “भिजलं बघा त्यांचं.”

दिवेआगर येथे नारळी-पोफळीच्या वाडीत आमचा मुक्काम होता. रात्री झोप आली नाही. सकाळी वाडीचे मालक आम्हांस बाग दाखवीत होते. पोफळी बहुतेक तरुण होत्या, जुनी झाडे तुरळक होती. आपणांस आठवत असेल, ३ जून २०२० रोजी निसर्ग नावाचे चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले, आणि श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या भागांतील बागा एका दिवसात आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून सुपारी धरायला कित्येक वर्षे लागतात. म्हणून जे त्या दिवशी गेले ते एका हंगामाचे पीक नव्हते. बापाने लावावे आणि लेकाने खावे असे ते धन होते. आम्ही विचारले, “त्या वेळी मदत मिळाली का?” ते क्षणभर थांबून म्हणाले, “बघायला पुष्कळ आले, साहेब. कोयता घेऊन आले ते थोडे.”

हे वाक्य आमच्या अंतःकरणात रुतले. त्या सकाळी उपासनेत आम्ही जो उपदेश तयार करून नेला होता तो सांगता आला नाही. आम्ही लूकाचा दहावा अध्याय उघडला, आणि आदल्या दिवशी काय घडले, आजींनी काय मागितले व आम्ही काय उत्तर दिले, ते सर्वांसमोर कबूल केले. मग आम्ही हे सांगितले की, लूकाने तिघांसाठी पाहण्याचा शब्द एकच वापरला, पण त्यापुढचे शब्द निराळे आहेत. पहिल्या दोघांविषयी तो सांगतो की ते रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने निघून गेले. तिसऱ्याविषयी सांगतो की तो जवळ आला. आणि या दोहोंमध्ये एक गोष्ट घडली. त्याला कळवळा आला. मूळ भाषेत कळवळ्याचा हा शब्द आतड्यांवरून झालेला आहे. आपल्या बायाबापड्या म्हणतात ना, “माझं आतडं तुटलं” ? अगदी तोच अर्थ. प्रभूने मेंढपाळ नसलेल्या लोकसमुदायाकडे पाहिले तेव्हा त्याच्याविषयी, आणि उधळ्या पुत्राला दुरून येताना बापाने पाहिले तेव्हा त्या बापाविषयीही, शुभवर्तमानात हाच शब्द आला आहे. यावरून असे दिसते की, डोळ्यांनी पाहून जे आतड्यापर्यंत पोहोचत नाही, ते पाहणे देवाच्या हिशेबी पाहणे नव्हे.

त्या दिवशी श्रीवर्धन पाहून आम्ही हरिहरेश्वरास गेलो. तेथे सावित्री नदी समुद्रास मिळते आणि खाडीच्या पलीकडे बाणकोट दिसते. वाटाड्याने किल्ला दाखविला. आम्ही मंडळीस दुसरी एक गोष्ट सांगितली. १८२३ साली स्कॉटिश मिशनरी सोसायटीने आपले काम या बाणकोटास आरंभिले. पहिले मिशनरी डोनल्ड मिचेल त्या साली आले आणि त्याच साली मरण पावले. त्यांच्यामागून आलेल्यांनी बाणकोट व हर्णै येथे बिऱ्हाडे केली. पुढे मुंबईत नावाजलेले जॉन विल्सन १८२९ साली आले तेही आधी हर्णैस राहून मराठी शिकले. या लोकांच्या हातून चुका झाल्या नाहीत असे आम्ही म्हणत नाही. त्यांनी आपल्या लोकांना पुष्कळदा चुकीचेही जाणले. परंतु बाणकोट पाहून ते परत गेले नाहीत. तेथेच राहून, तापाने फणफणून, मुलाप्रमाणे बोबडे बोलत ते आपली भाषा शिकले. राहिल्यावाचून भाषा येत नाही, आणि भाषा आल्यावाचून दुसऱ्याचे दुःख कळत नाही.

परतीच्या वाटेवर माणगाव सोडल्यावर आम्ही ड्रायव्हरला विनंती करून ते शेत शोधले. आता ऊन पडले होते. तेच तिघे तेथे होते. जे भात ताडपत्रीखाली गेले होते ते बरे होते. उरलेले अर्ध्याहून अधिक पाण्यात लोळत होते, आणि ते एकेक कडपा उचलून, झटकून, बांधावर पसरीत होते. ओल्या भाताचे दाणे रुजू लागले की काय होते हे आपण जाणता. आम्ही खाली उतरून त्या मनुष्यास म्हणालो, “दादा, काल आम्ही याच रस्त्याने गेलो. तुम्हांला पाहिलं आणि थांबलो नाही.” त्याने आमच्याकडे, मग बसकडे पाहिले. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तो म्हणाला, “काल आला असतात तर बरं झालं असतं.”

याला कोणते उत्तर आहे? पश्चात्ताप करणाऱ्यास देव क्षमा करितो हे खरे, परंतु कालचा पाऊस तो मागे घेत नाही. दोन तास आम्ही सर्वांनी चिखलात उभे राहून कडपे उचलले. शहरातील मुलांना ते कसे धरावे हेही ठाऊक नव्हते. आजींनी त्यांना शिकविले. जे वाचण्यासारखे होते ते थोडे वाचले. निघताना त्या बाईने मांडवावरून तवशी काढून आणली, चिरून मीठ लावून आमच्या हातांवर ठेवली, आणि आम्ही कोण, कोणत्या धर्माचे, हे विचारलेही नाही. आम्ही तेथे शोमरोनी होण्यास गेलो होतो. परंतु शोमरोनी तीच ठरली.

बस निघाली तेव्हा वाटाड्याने नेहमीप्रमाणे डोकी मोजली. मग तो आमच्याजवळ येऊन बसला. काळोख पडल्यावर मुळशीचे पाणी पुन्हा आले, तेव्हा तो कर्णा बाजूला ठेवून हळूच म्हणाला, “साहेब, माझ्या पणजोबांचं शेत या पाण्याखाली आहे. जाताना बोललो नाही. लोक सहलीला येतात, त्यांना कशाला सांगायचं?” दोन दिवस आम्ही त्याच्याबरोबर होतो. त्याने आम्हांस त्रेचाळीस वेळा मोजले असेल. पण त्याला स्वतःला आमच्यापैकी कोणी मोजले नव्हते.

प्रियहो, आता हे आपल्या कामास लावू या.

आमचा दोष आधी सांगतो. वर्षातून एकदोन वेळा आम्ही शहरातील पाळक आपल्या खेड्यांतील मंडळ्यांस भेट देण्यास येतो. वेशीवर उपदेशक हार घेऊन उभे असतात. उपासना होते, बाप्तिस्मे होतात, जेवण होते, छायाचित्र काढले जाते, आणि दिवेलागणीच्या आत आम्ही कोथरूडास परततो. एका गावी एक उपदेशक आम्हांस गाडीपर्यंत पोहोचविण्यास आले आणि आपल्या घरातील आजारपणाविषयी काही सांगू लागले. आमचा एक पाय गाडीत होता. आम्ही म्हणालो, “सविस्तर पत्र लिहा.” त्यांनी पत्र लिहिले नाही. ते का लिहिले नाही, हे आम्हांस त्या भाताच्या शेतात कळले. ती भेट नव्हती, सहल होती. आम्ही त्यांस पाहिले आणि पलीकडच्या बाजूने निघून गेलो. पुढील आठवड्यात आम्ही त्यांच्या घरी जाणार आहोत, आणि त्यांच्या तोंडूनही तेच ऐकावे लागेल, याची आम्ही तयारी ठेविली आहे.

उपदेशक बंधूंनो, बायबलबाईंनो, शिक्षकहो, आपणही आपली परीक्षा करा. आपल्या रोजनिशीत ‘भेट दिलेली घरे’ असा एक रकाना असतो. तो भरणे सोपे आहे. उंबऱ्यावर उभे राहून वचन वाचले, प्रार्थना केली, आकडा वाढला. आम्ही असे विचारतो की, त्यांपैकी किती घरांत आपण बसलात? कोणाच्या चुलीत त्या दिवशी जाळ नव्हता हे आपणांस समजले काय? मंडळीच्या नोंदवहीत ज्यांचे नाव आहे त्यांना आपण वाटाड्याप्रमाणे इमानाने मोजता. ते योग्यच आहे. परंतु बसच्या दारापाशी ज्याची मोजणी संपते, त्याला ‘माझा शेजारी कोण?’ हा प्रश्न अद्याप पुरता ऐकू आलेला नाही. शास्त्र्याने तो प्रश्न सीमा आखून घेण्यासाठी विचारला होता, आणि प्रभूने ती सीमाच पुसून टाकिली.

आणि शोमरोन्याची शेवटची गोष्ट विसरू नका. जवळ जे तेल व द्राक्षारस होते तेच त्याने वापरले, अधिक असते तर बरे असे म्हणत तो बसला नाही. आणि जाताना त्याने परत येण्याचा शब्द दिला. सहलीचा मनुष्य परत येत नाही, शेजारी परत येतो. म्हणून ज्या घरी दुःख पाहिले, त्या घरी दुसऱ्यांदा जा. पहिल्या खेपेस लोक आपले कपडे पाहतात. दुसऱ्या खेपेस ते आपले तोंड उघडतात.

रात्री बस पुन्हा कर्वे पुतळ्यापाशी थांबली. महर्षी कर्वे आपल्या धर्माचे नव्हते. ते त्याच कोकण किनाऱ्यावरील मुरूडचे. १८९३ साली त्यांनी एका विधवेशी विवाह केला म्हणून गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. पुढे विधवांसाठी काढलेला आपला आश्रम त्यांनी १९०० साली कोथरूडजवळ हिंगण्यास नेला. तेव्हा तेथे रान होते. दिवसा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवावयाचे आणि संध्याकाळी चिखल तुडवीत, पायी, त्या स्त्रियांकडे जावयाचे, असा त्यांचा क्रम होता. विधवांचे दुःख त्या काळी पुण्यात सर्वांना दिसत होते. ते रोज चालत त्याच्याजवळ गेले. प्रभूने शेजारधर्म शिकविण्यास शोमरोनी का निवडला, हे आम्हांस त्या पुतळ्याखाली उभे असता पुन्हा एकदा समजले.

आजींचा हात धरून आम्ही त्यांना खाली उतरविले. त्यांच्या लुगड्याला अजून चिखल होता. त्या म्हणाल्या, “पाद्रीसाहेब, पुढच्या साली कापणीला जाऊ या का त्यांच्याकडं? आधीच विचारून.” आम्ही होय म्हटले, आणि तो शब्द येथे छापून ठेवीत आहो, म्हणजे आपण आमच्याकडून तो मागून घ्याल.

हे दयाळू बापा, आम्हांस डोळे तू दिले आहेस. आमच्या डोळ्यांपासून आतड्यापर्यंतची वाट मोकळी कर. आम्ही ज्यांना पाहून पुढे गेलो त्यांच्याकडे परत जाण्याची लाज आम्हांस वाटू देऊ नको. आणि पाऊस येण्यापूर्वी आम्हांस गाडीतून खाली उतरीव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.